नोबेलसाठी नाव गेलेले डॉ. शंभूनाथ डे

ऑक्टोबर आला की नोबेल जाहीर होतात आणि आपण पेपरात जिंकणाऱ्यांची नावं वाचून पान उलटतो. पण त्याआधी कुणीतरी ती नावं सुचवलेली असतात. स्वतःचं नाव स्वतः देता येत नाही. आधीचे विजेते, निवडक प्राध्यापक अशा मोजक्या लोकांनाच तो अधिकार असतो, आणि कुणी कुणाला सुचवलं हे कमिटी ५० वर्षं गुप्त ठेवते. १९५८ चे नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी एका भारतीय डॉक्टरचं नाव एकापेक्षा जास्त वेळा पाठवलं होतं. ते डॉक्टर म्हणजे शंभूनाथ डे.

जन्म १ फेब्रुवारी १९१५, बंगालमधला हुगळी जिल्हा. घरची परिस्थिती बेताचीच. स्कॉलरशिपच्या जोरावर कलकत्ता मेडिकल कॉलेजात शिकले, मग लंडनला जाऊन १९४९ मध्ये पीएच.डी. केली. परत आले आणि कॉलऱ्याच्या मागे लागले.

कॉलरा म्हणजे आपली पटकी. आमच्या म्हसवडला सिद्धनाथाच्या रथाला केवढी गर्दी होते, आणि माणदेशात पाणी किती ते सगळ्यांना माहीतच आहे! पूर्वी अशा कुठल्याही यात्रेला पटकीची धास्ती असायची. साथ आली की मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडायचा, दुसरं हातात होतं काय?

पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यातच ओळखला होता. तो विष सोडत असावा असंही त्यांना वाटत होतं, पण ते सिद्ध होईना. डे यांनी काय केलं, तर सशाचं आतडं दोन ठिकाणी दोऱ्याने बांधलं आणि मधल्या तुकड्यात जंतू सोडले. दुसऱ्या दिवशी तो तुकडा तांदळाच्या पेजेसारख्या पाण्याने टरारून फुगलेला! हे १९५३ मध्ये छापून आलं. मला तर हा प्रयोग आपल्याच ब्रँचचा वाटतो. पाइपलाइनचा एक सेक्शन दोन व्हॉल्व्ह बंद करून तपासावा, अगदी तसा. खर्च म्हणाल तर ससा आणि दोरा.

१९५९ मध्ये पुढची पायरी. ज्या द्रावणात जंतू वाढवले ते गाळून जंतू काढून टाकले आणि नुसतं द्रावण आतड्यात सोडलं. आतडं तरीही फुगलं. म्हणजे पाणी ओढणारं ते विषच, जंतू जवळ नसला तरी चालतं. हे 'नेचर'मध्ये आलं. गंमत म्हणजे त्याच वर्षी मुंबईच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये एन. के. दत्ता, पानसे आणि कुलकर्णी यांनी सशाच्या पिल्लांवर वेगळ्या पद्धतीने विषाचंच काम दाखवलं. मुंबई आपल्या इतक्या जवळ, पण हे आपल्याला कुणी सांगतच नाही.

रोगी मरतो तो अंगातलं पाणी आणि मीठ गेल्यामुळे, मग तेच परत द्यायचं. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बोनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आणलं. आज मेडिकलमध्ये मिळणारं ओआरएसचं पाकीट ते हेच.

डे यांना ते विष शुद्ध करायचं होतं, पण त्यासाठी लागणारी साधनं त्यांच्या लॅबमध्ये नव्हती. १९६९ मध्ये ते अमेरिकेत झालं. १९७३ मध्ये डे रिटायर झाले. इकडे एकाही विज्ञान अकादमीने त्यांना फेलो केलं नाही, मोठा सरकारी पुरस्कारही नाही. याचा मला खरोखर राग येतो. १९७८ मध्ये मात्र नोबेल फाउंडेशनने कॉलऱ्यावरच्या परिषदेसाठी त्यांना मानाने बोलावलं.

१५ एप्रिल १९८५ ला ते गेले. नोबेल मरणोत्तर सुचवता येत नाही, त्यामुळे तो विषय तिथेच संपला. १९९० मध्ये 'करंट सायन्स'ने त्यांच्यावर खास अंक काढला. त्यात लेडरबर्ग यांनी स्वतः लिहिलं.