पेशंटला खाट मिळते, पण सोबतच्या माणसाचं काय? गाडगेबाबांनी त्यासाठी मुंबईत धर्मशाळा बांधली होती

परळच्या टाटा हॉस्पिटलसमोरच्या फूटपाथवर बोचकी घेऊन बसलेली माणसं तुम्ही पाहिली असतील. त्यातले सगळेच पेशंट नसतात. कुणी पेशंटचा भाऊ असतो, कुणी बायको, कुणी आई.

कॅन्सरच्या उपचारात एक अडचण असते. रेडिएशनला रोज काही मिनिटंच लागतात, पण ते साधारणपणे आठवड्यातले पाच दिवस आणि असे कित्येक आठवडे चालतं. त्यासाठी पेशंटला दाखल करून घेतातच असं नाही. रिपोर्ट आता फोनवरून पाठवता येतात, रेडिएशन फोनवरून होत नाही. मग अकोल्याहून आलेल्या माणसाने मुंबईत दीड महिना राहायचं कुठे?

अशा वेळी अनेकांना दादरचा एक पत्ता सांगितला जातो. गाडगे महाराज धर्मशाळा. नाममात्र पैशांत पेशंट आणि त्याच्या माणसाची सोय तिथे होते.

आपल्याला गाडगेबाबा माहीत असतात ते खराट्यामुळे. पाठ्यपुस्तकाने आणि स्वच्छता अभियानाच्या पोस्टरांनी त्यांना तेवढ्यावरच थांबवलंय. पण त्यांच्या कामाचा फार मोठा भाग धर्मशाळांचा होता.

बाबांचं मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावचा. परीट समाजातलं घर. वडील दारूपायी लवकर गेले आणि आई सखुबाई लेकराला घेऊन माहेरी, दापुऱ्याला आली. मामाकडे डेबूजी गुरं राखायचा, शेतात राबायचा. पुढे कुंताबाईंशी लग्न झालं, मुलंबाळं झाली. आणि १९०५ मध्ये एका रात्री हा माणूस घर सोडून निघून गेला.

अंगावर चिंध्या, हातात फुटकं मडकं. लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले ते त्या गाडग्यामुळेच. गावात जायचं, रस्ता झाडायचा, मिळेल ती भाकरी खायची आणि रात्री कीर्तनातून दारू, कर्ज, नवस, शिवाशिव यावर लोकांना झोडपायचं. कोकणात खारेपाटणला असंच कीर्तन चालू असताना त्यांना मुलगा गोविंद गेल्याची बातमी कळली. बाबांनी कीर्तन थांबवलं नाही. याचं नेहमी कौतुक होतं. मला मात्र ही गोष्ट वाचताना घरी असलेल्या कुंताबाईच आठवतात.

आता धर्मशाळांकडे येऊ. वर्षानुवर्षं भटकल्यामुळे उघड्यावर रात्र काढणं काय असतं हे बाबांना पक्कं ठाऊक होतं. पंढरपुरात वारीला येणाऱ्या दलितांना कुणी ओसरीही देत नव्हतं, म्हणून त्यांनी तिथे चोखामेळा धर्मशाळा उभारली. १९४९ मध्ये ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. नाशिक, देहू, आळंदी इथेही धर्मशाळा झाल्या. पैसा लोकांच्या देणग्यांचा, कारभार ट्रस्टकडे. स्वतःसाठी बाबांनी झोपडीसुद्धा बांधली नाही.

इथपर्यंत हे सगळं तीर्थक्षेत्राचं काम वाटतं. पण पुढे बाबांनी हाच हिशेब दवाखान्याला लावला, आणि मला त्यांच्या आयुष्यातला हा सगळ्यात नवा विचार वाटतो. पंढरीला आलेल्या वारकऱ्याची अडचण आणि जे. जे. हॉस्पिटलला आलेल्या खेडूताची अडचण एकच होती. ओळखीचं कुणी नाही, खिशात पैसे नाहीत, परत जायची तारीख माहीत नाही. त्यात दवाखान्यातल्या माणसाला रात्री-अपरात्री बोलावणं येऊ शकतं, त्यामुळे त्याला लांब राहूनही चालत नाही. १९५४ मध्ये जे. जे.च्या पेशंटांच्या नातेवाइकांसाठी मुंबईत धर्मशाळा उभी राहिली. दोनच वर्षं आधी, १९५२ मध्ये, या सगळ्या संस्था सांभाळायला गाडगे महाराज मिशन स्थापन झालं होतं.

बाबा तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेले होते, तब्येत साथ देत नव्हती. तरी फिरणं सुटलं नाही. २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलापाशी वाटेतच त्यांनी प्राण सोडला. जे. जे.ची धर्मशाळा सुरू होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती.