राजमा, भात आणि लुईची पत्रं

पत्राच्या शेवटी काय लिहायचं, हे शाळेत शिकवलेलं आठवतंय? आपला विश्वासू, आपला आज्ञाधारक वगैरे. जगातला सगळ्यात गाजलेला जॅझ वादक लुई आर्मस्ट्राँग मात्र त्या जागी चक्क आपल्या आवडत्या जेवणाचं नाव टाकायचा. लाल राजमा आणि भात! धानाच्या जिल्ह्यात वाढलेल्या आपल्या गोंदियाकरांना हा माणूस आवडायला एवढं कारणही पुरेसं आहे. पण त्याच्या पत्रांमध्ये याहून बरंच काही आहे.

लुईचा जन्म 4 ऑगस्ट 1901 रोजी अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचा. वडील घर सोडून गेलेले, घरात गरिबी. पोरवयातच तो कोळशाच्या गाडीवर राबला, शाळाही लवकर सुटली. 1912 च्या शेवटच्या रात्री भर रस्त्यात पिस्तुलाचा बार काढला म्हणून पोलिसांनी पकडलं आणि थेट सुधारगृहात. तिथल्या बँडमध्ये त्याच्या हाती कॉर्नेट आलं, म्हणजे ट्रम्पेटचा धाकटा भाऊ.

1922 मध्ये त्याचा गुरू किंग ऑलिव्हर याची शिकागोहून तार आली, निघून ये म्हणून. लुई तेव्हा 21 वर्षांचा. तो गेला आणि पुढच्या काही वर्षांत जॅझच बदललं. सगळा बँड मिळून वाजवायचा, त्याऐवजी एक वादक पुढे येऊन आपलं म्हणणं मांडू लागला. शिकागोला पोहोचल्यावर महिन्याभरातच त्याने गावाकडच्या एका जुन्या वादकाला लिहिलेलं पत्र आजही उपलब्ध आहे. ही सवय मग आयुष्यभर सुटली नाही.

दौऱ्यावर निघाला की सामानात ट्रम्पेटसोबत टाइपरायटर असायचाच. कार्यक्रम रात्री उशिरा संपला, की पत्रं. मित्रांना, मॅनेजरला आणि कधीही न भेटलेल्या चाहत्यांनासुद्धा. व्याकरणाचं त्याला काही टेन्शन नव्हतं. कुठेही कॅपिटल अक्षरं, कुठेही अधोरेखित शब्द. वाचताना तो समोर बसून बोलतोय असंच वाटतं. आज आपण आवडत्या कलाकाराला डीएम टाकतो आणि ‘सीन’ झालं तरी खूश होतो. इथे तर समोरून पानंच्या पानं यायची!

सगळं गोड मात्र नव्हतं. गोऱ्यांसमोर हा फारच हसतो, अशी टीका तरुण कृष्णवर्णीय कलाकार त्याच्यावर करायचे. मग सप्टेंबर 1957 उजाडला. लिटल रॉक शहरातल्या शाळेत 9 कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शिरू द्यायचं नाही, म्हणून गव्हर्नरने शाळेबाहेर सैनिक उभे केले. तेव्हा लुई नॉर्थ डकोटात होता. हॉटेलात त्याची मुलाखत घ्यायला एक 21 वर्षांचा पत्रकारितेचा विद्यार्थी गेला. राजकारणावर विचारू नकोस, अशी त्याला ऑफिसातून ताकीद होती. त्याने विचारलंच! आणि लुई राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यावर उघडपणे बरसला. सरकारच्या वतीने होणारा रशिया दौराही करणार नाही म्हणाला. बातमीवर कुणाचा विश्वास बसेना, तेव्हा पोरगा दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. लुईने मजकूर वाचून त्यावर सही करून दिली. आमच्यासारख्या इंटर्नने तर हा किस्सा भिंतीवर चिकटवून ठेवावा.

याची किंमत लुईने मोजली. त्याच्यावर बहिष्काराची हाक दिली गेली, काही रेडिओ केंद्रांनी त्याची गाणी बंद केली. तो मागे हटला नाही. आयझेनहॉवर यांनी त्या मुलांच्या संरक्षणासाठी फौज पाठवली, तेव्हा मात्र त्याने त्यांना कौतुकाची तार केली.

इकडे मुंबईतही त्याचे चाहते होते. गोव्याच्या हळदोणे गावचा ट्रम्पेट वादक आंतोनियो व्हाझ म्हणजेच चिक चॉकलेट. त्याला लोक मुंबईचा लुई आर्मस्ट्राँगच म्हणायचे. आपल्या सी. रामचंद्र यांच्यासोबत त्याने काम केलं, 1951 च्या ‘अलबेला’ला जॅझचा जो तडका आहे, त्यात त्याचा वाटा आहे. 1964 मध्ये खुद्द लुई मुंबईत वाजवून गेला. त्याच वर्षी मे महिन्यात त्याच्या ‘हॅलो, डॉली’ने अमेरिकेत बीटल्सला पहिल्या नंबरवरून खाली खेचलं. वय 62!

1967 मध्ये व्हिएतनाममधल्या एका तरुण अमेरिकन सैनिकाने त्याला पत्र लिहिलं. लुईने भलंमोठं उत्तर पाठवलं. त्यात लहानपणी आई चर्चमध्ये न्यायची त्याच्या आठवणी होत्या, बायको ल्युसीलच्या ऑपरेशनची काळजी होती आणि शेवटी धीर देणाऱ्या एका गाण्याचे शब्द होते. युद्धावर असलेल्या अनोळखी पोराला तो घरातल्यासारखं सगळं सांगत होता.

6 जुलै 1971 रोजी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या घरात, झोपेतच तो गेला. जगभर नाव झालं तरी साध्या वस्तीतलं हे घर त्याने सोडलं नव्हतं. 2003 पासून तिथे म्युझियम आहे. त्याची पत्रं, फोटो आणि शेकडो टेप्सही जपून ठेवल्या आहेत.

लुईला कधी ऐकलं नसेल, तर 1928 चं ‘वेस्ट एंड ब्लूज’ लावा. हेडफोन घाला. सुरुवातीचे काही सेकंद फक्त ट्रम्पेट आहे, बाकी सगळे गप्प.