डिक फिट्झजेरल्ड
रिचर्ड ऊर्फ डिक फिट्झजेरल्ड (१८८२–१९३०) हे आयर्लंडमधील गेलिक फुटबॉलचे अग्रगण्य खेळाडू व लेखक होते. त्यांचा जन्म केरी परगण्यातील किलार्नी या गावी झाला. १८८६ मध्ये तेथे स्थापन झालेल्या ‘डॉ. क्रोक्स’ क्लबकडून ते खेळत. गेलिक फुटबॉल हा हौशी खेळ असून खेळाडू गावच्या क्लबमधूनच परगण्याच्या संघात निवडले जातात. १९०३, १९०४, १९०९, १९१३ आणि १९१४ या वर्षांची अखिल आयर्लंड अजिंक्यपदे जिंकणाऱ्या केरी संघात फिट्झजेरल्ड यांचा समावेश होता. अखेरच्या दोन वेळी ते कर्णधार होते. १९१४ मध्ये त्यांनी लिहिलेले ‘हाउ टू प्ले गेलिक फुटबॉल’ हे या खेळाच्या तंत्रावरील पहिले पुस्तक मानले जाते.

१९१६ च्या ईस्टर उठावानंतर ब्रिटिश सरकारने त्यांना वेल्समधील फ्राँगॉख येथील छावणीत स्थानबद्ध केले. छावणीतही बंदिवानांचे फुटबॉल सामने होत आणि त्यांत ते खेळत. २६ सप्टेंबर १९३० रोजी त्यांचे निधन झाले. दोनच दिवसांनी झालेला अखिल आयर्लंड अंतिम सामना केरीने जिंकला. किलार्नी येथे १९३६ मध्ये खुल्या झालेल्या क्रीडांगणास ‘फिट्झजेरल्ड स्टेडियम’ असे नाव देण्यात आले.