पहिले बक्षीस न मिळालेला पियानोवादक

निकालाच्या आदल्या रात्री झोप न लागणे हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांना असेल. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे माझा निकाल माझ्या एकटीचा कधीच नसतो. तो आई-वडिलांचा, काकांचा, शेजारच्या आजींचाही असतो. म्हणूनच की काय, वाचनालयात फ्रेंच संगीतकार क्लोद देब्यूसी याच्याविषयी वाचत असताना त्याच्या जगप्रसिद्ध रचनांपेक्षा त्याने विद्यार्थिदशेत दिलेल्या सहा परीक्षांनीच मला अधिक खिळवून ठेवले.

देब्यूसीचा जन्म 22 ऑगस्ट 1862 रोजी पॅरिसजवळच्या सँ-झेर्मँ-आँ-ले या गावी झाला. घरात त्याला आशिल म्हणत. आईवडिलांचे चिनी मातीच्या भांड्यांचे छोटे दुकान होते. ते चालले नाही. वडील मान्युएल कधी फिरता विक्रेता, कधी छापखान्यात नोकर, असे दिवस काढीत होते. 1870 साली जर्मनांशी युद्ध सुरू झाले तेव्हा आई मुलांना घेऊन कान येथे आत्याकडे गेली आणि तेथे या मुलाच्या बोटांना पियानोच्या पट्ट्या प्रथम लागल्या. पुढच्याच वर्षी पॅरिसमधील कष्टकऱ्यांनी उठाव करून कम्यून स्थापन केले. वडील त्या सैन्यात कप्तान झाले, मे महिन्यात उठाव चिरडला गेला तेव्हा पकडले गेले आणि त्यांना चार वर्षांची कैद झाली. प्रत्यक्षात एक वर्षानंतर ते सुटले, पण नागरिकत्वाचे हक्क गमावूनच.

आश्चर्य असे की, या मुलाच्या संगीताचा दरवाजा तुरुंगातूनच उघडला. वडिलांच्या सोबतच्या कैद्यांत शार्ल द सिव्री नावाचा एक संगीतकार होता. त्याची आई मादाम मोते पियानो शिकवीत असे. आपण शोपँची शिष्या असल्याचे ती सांगे. त्याचा पुरावा मात्र नाही. प्रसिद्ध कवी व्हर्लेन हा तिचा जावई. तिने या कैद्याच्या मुलाला एक पैसाही न घेता शिकवले, आणि असे शिकवले की ऑक्टोबर 1872 मध्ये, वयाच्या अवघ्या दहाव्या वर्षी, पॅरिसच्या सरकारी संगीत विद्यालयात, म्हणजे कॉन्झर्व्हेत्वारमध्ये, त्याला प्रवेश मिळाला. तेथे फी नव्हती, पण प्रवेशपरीक्षा कडक होती. शाळेचे तोंड न पाहिलेला हा मुलगा. लिहिणे-वाचणे त्याला आईनेच शिकवले होते. शुद्धलेखनाच्या चुका त्याला पुढेही सोडून गेल्या नाहीत.

माझ्यासारख्या ज्यांनी भजनातली पेटीच जवळून पाहिली आहे, त्यांच्यासाठी थोडे सांगते. पेटीवर एक हात भात्यावर अडकलेला असतो. पियानोला भाता नाही. पट्टी दाबली की आत एक लहानशी हातोडी तारेवर आदळते. दोन्ही हातांची दहाही बोटे मोकळी असतात आणि दहाही बोटांना काम असते. म्हणून तेथे बोटांच्या रियाजाला फार महत्त्व.

कॉन्झर्व्हेत्वारमध्ये दर उन्हाळ्यात जाहीर स्पर्धा होई. तीच वार्षिक परीक्षा. मुलांच्या पियानोवर्गांना एकच रचना नेमून दिलेली असे. ती प्रत्येकाने परीक्षकांपुढे आणि श्रोत्यांपुढे वाजवायची, शिवाय पूर्वी न पाहिलेले एक स्वरलेखन समोर ठेवले जाई, ते तिथल्या तिथे वाचून वाजवायचे. एकाच्या पाठोपाठ एक मुले येतात आणि तीच रचना पुनःपुन्हा वाजवतात, हे डोळ्यांपुढे आणले तरी अंगावर काटा येतो. वर पहिले आणि दुसरे बक्षीस, त्याखाली पहिले आणि दुसरे उत्तेजनार्थ प्रशस्तिपत्र. मैफली गाजवणारा वादक व्हायचे तर पहिले बक्षीस हवे. वडिलांच्या मनात तेच होते. मुलगा मोठा वादक होईल आणि घराचे दैन्य फिटेल.

आशिल आंत्वान मार्मोंतेल या नावाजलेल्या गुरूच्या वर्गात होता. 1874 साली, बारावे वर्षही पुरे झाले नव्हते तेव्हा, त्याने शोपँच्या एफ मायनर कॉन्चेर्टोवर दुसरे उत्तेजनार्थ मिळवले. 1875 साली पहिले उत्तेजनार्थ. घरात केवढा आनंद झाला असेल! 1876 च्या जानेवारीत शोनी या गावी तो प्रथमच जाहीर कार्यक्रमात वाजवायला बसला. त्याच वर्षीच्या स्पर्धेत बेथोव्हनची शेवटची सोनाटा, ओपस 111, नेमलेली होती. ती तेरा वर्षांच्या मुलाच्या आवाक्यातली नव्हे, असे जाणकार म्हणतील. काहीही मिळाले नाही. 1877 साली शुमानच्या जी मायनर सोनाटावर दुसरे बक्षीस. आता एकच पायरी उरली होती. 1878 साली काही नाही. 1879 साली पुन्हा काही नाही. वडिलांचे स्वप्न तेथेच संपले.

दोष परीक्षकांचा होता का? मला तसे वाटत नाही. सहाध्यायांच्या आठवणींवरून दिसते की तो वर्गात उशिरा, धापा टाकीत येई, वाजवताना ठोक्याठोक्याला फुसफुसे, आणि वाद्यावर राग काढावा तसा पट्ट्यांवर तुटून पडे. मधूनच मात्र अशा हळुवारपणे वाजवी की सगळे चकित होत. या मुलाचे प्रेम संगीतावर आहे, पियानोवर तितकेसे नाही, हे मार्मोंतेलच्या चाणाक्ष नजरेने हेरले होते. स्वरमेळाच्या, म्हणजे एकाच वेळी उमटणाऱ्या स्वरांच्या शास्त्राच्या वर्गात तर त्याला एकही बक्षीस मिळाले नाही. नियमात न बसणारे स्वर तो हौसेने एकत्र आणी. पुढे ज्या गोष्टीसाठी जगाने त्याला डोक्यावर घेतले, तीच येथे चूक म्हणून खोडली जात होती. पण उत्तरपत्रिका नियमांनी तपासायची असते, हेही खरेच.

पियानोचा मार्ग बंद झाल्यावर तो साथसंगतीच्या वर्गात गेला. वाद्यवृंदाचे स्वरलेखन पाहून ते पियानोवर उतरवणे, दिलेल्या सुरावटीला आयत्या वेळी साथ रचणे, असा हा विषय. मैफलीत टाळ्या मिळवून देणारा नव्हे. येथे मात्र 1880 साली त्याला पहिले बक्षीस मिळाले, आणि त्याच्या बळावर संगीतरचनेच्या वर्गात जाण्याची वाट मोकळी झाली.

त्याच उन्हाळ्यात एक गोष्ट घडली, ती मला सर्वांत जास्त लागली. रशियातील धनाढ्य विधवा नादेज्दा फॉन मेक, चायकोव्हस्कीची आश्रयदाती, हिला सोबत पियानो वाजवायला आणि मुलांना शिकवायला एक तरुण हवा होता. देब्यूसीची निवड झाली आणि तो तिच्या कुटुंबाबरोबर स्वित्झर्लंड, फ्रान्स, इटली असा फिरला. तिने चायकोव्हस्कीला पत्रातून कळवले की पॅरिसहून आलेला हा मुलगा मार्मोंतेलच्या वर्गात पहिले बक्षीस मिळवून आला आहे. हे खरे नव्हते. तिला असे कोणी सांगितले असावे हे ओळखायला फार तर्क लागत नाही. सतरा वर्षांचा मुलगा, परक्या श्रीमंत घरात नोकरीला, आणि मागे वडिलांची अपेक्षा. चरित्रकार या ठिकाणी थोडे हसतात. मला हसू आले नाही. गावी गेल्यावर वर्गात कितवा नंबर आला असे कोणी विचारले, की माझीही जीभ क्षणभर अडखळते.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगते. 1884 साली संगीतरचनेसाठी फ्रान्समधील सर्वांत मानाचे रोम पारितोषिक. 1889 च्या पॅरिस प्रदर्शनात ऐकलेले जावा बेटावरचे गामेलान वादन आणि त्याची पडलेली मोहिनी. 1894 साली फॉनच्या दुपारीवरचे प्रेल्यूद. 1902 साली पेलेआस हा ऑपेरा. ज्या पियानोने त्याला हरवले होते, त्या वाद्यासाठी त्याने असे काही लिहिले की त्यातली हातोडी जणू नाहीशीच झाली. 1908 साली लाडक्या लेकीसाठी, शूशूसाठी, त्याने चिल्ड्रन्स कॉर्नर नावाची सहा तुकड्यांची माळ रचली. तिचा पहिला तुकडा म्हणजे बोटांच्या कंटाळवाण्या व्यायामाची गोड थट्टा आहे.

1909 साली त्याला कॉन्झर्व्हेत्वारच्या वरिष्ठ मंडळावर घेतले गेले. 1910 च्या क्लॅरिनेट स्पर्धेसाठी नेमलेली रचना त्यानेच लिहिली आणि तो परीक्षकांच्या रांगेत बसला. समोर एकामागून एक घाबरलेली मुले येत होती. त्या दिवशी त्याच्या मनात काय आले असेल!

1915 च्या उन्हाळ्यात, महायुद्ध चालू असताना आणि शरीरात कर्करोग वाढत असताना, समुद्रकाठच्या पूर्व्हील येथे त्याने पियानोच्या अभ्यासासाठी बारा एत्यूद लिहिले आणि ते शोपँच्या स्मृतीला अर्पण केले. कोणता स्वर कोणत्या बोटाने वाजवायचा याचे आकडे अशा पुस्तकांत छापलेले असतात. त्याने एकही आकडा घातला नाही. ज्याने त्याने आपली बोटे आपणच शोधावीत, असे प्रस्तावनेत सांगून टाकले. त्यानंतर तो पुरती तीन वर्षेही जगला नाही. 25 मार्च 1918 रोजी पॅरिसवर जर्मन तोफांचा मारा चालू असताना त्याचे निधन झाले. पुढच्याच वर्षी शूशूही घटसर्पाने गेली.

त्या बारांतला पहिला एत्यूद पाच बोटांसाठी आहे. नवशिक्याचा धडा असावा तसे पाच स्वर शिस्तीत चढतात आणि उतरतात. मग मध्येच एक परका स्वर येऊन टोचतो. धडा पुढे जातो, तो स्वर पुन्हा टोचतो. वर्गात मागच्या बाकावरून कोणीतरी खोडी काढावी तसा.