फिलिप हाल्समन : मुखवट्यामागचा माणूस टिपणारे छायाचित्रकार



आइनस्टाईन यांचे एक छायाचित्र आपण सर्वांनी पाहिले असेल. विस्कटलेले पांढरे केस आणि थेट आपल्याकडे पाहणारे दुःखी डोळे. ते काढणाऱ्या फिलिप हाल्समन यांची जीवनकथा मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल. म्हणून ती येथे सांगत आहोत.

हाल्समन यांचा जन्म १९०६ साली रीगा शहरी एका ज्यू दंतवैद्याच्या घरी झाला. ड्रेस्डेन येथे ते इंजिनिअरिंग शिकत होते. सप्टेंबर १९२८ मध्ये ऑस्ट्रियातील तिरोलच्या डोंगरांत वडिलांबरोबर फिरावयास गेले असता, डोक्यास जखमा होऊन वडिलांचा मृत्यू झाला. घडताना पाहिलेला कोणी नव्हता. तरी ज्यूद्वेष माजलेल्या त्या मुलखात आळ मुलावरच आला. प्रथम दहा वर्षांची, फेरसुनावणीत चार वर्षांची शिक्षा झाली. बहीण ल्यूबा हिने भावासाठी जिवाचे रान केले. आइनस्टाईन यांच्यासारखे थोर लोकही पाठीशी उभे राहिले. १९३० साली माफी मिळाली, पण देश सोडावा लागला.

पॅरिसमध्ये त्यांनी छायाचित्रकार म्हणून नाव मिळविले. १९४० साली नाझी फौजा तेथे आल्या, तेव्हा पुन्हा आइनस्टाईन यांच्याच खटपटीने अमेरिकेचा व्हिसा मिळाला. पुढे ‘लाईफ’ साप्ताहिकाच्या १०१ मुखपृष्ठांवर त्यांची छायाचित्रे झळकली.

मोठ्या माणसांना कॅमेऱ्यासमोर मुखवटा चढविण्याची सवय असते. तो गळून पडावा म्हणून हाल्समन त्यांना चक्क उडी मारावयास सांगत! सारे लक्ष उडीकडे गेले की खरा चेहरा दिसे. निक्सन, मेरिलिन मन्रो, विंडसरचे ड्यूक व त्यांच्या पत्नी, साऱ्यांनी उड्या मारल्या. या उड्यांचे पुस्तक १९५९ साली निघाले.

आइनस्टाईन यांच्या त्या छायाचित्रासाठी उडीची गरज पडली नाही. १९४७ साली प्रिन्स्टन येथे ते अणुबाँबविषयी बोलत होते. आपले सूत्र आणि रूझवेल्ट यांना लिहिलेले पत्र यांचा त्यास हातभार लागला, ही खंत त्यांना जाळीत होती. बोलता बोलता ते गप्प झाले, आणि हाल्समन यांनी तो क्षण टिपला. तेच छायाचित्र १९६६ साली अमेरिकेच्या टपाल तिकिटावर व १९९९ च्या अखेरीस ‘टाईम’च्या मुखपृष्ठावर आले.

हाल्समन १९७९ साली न्यूयॉर्क येथे वारले. ज्या तरुणाचा चेहरा कोर्टाला वाचता आला नाही, त्यानेच जगाला चेहरे वाचावयास शिकविले. आपल्या ट्रंकेतल्या जुन्या फोटोंत वाडवडील ताठ बसलेले दिसतात. वाचकहो, यापुढे ते पाहताना कपड्यांआधी त्यांचे डोळे पाहावेत, एवढेच आमचे सांगणे.