बुलढाण्याच्या ताराबाई आणि कादंबरीतल्या नायिका

बुलढाणा जिल्हा म्हटला की लोणारचे सरोवर, शेगावचे गजानन महाराज आणि सिंदखेडराजा येथे जन्मलेल्या जिजाऊ, ही तीन नावे कोणीही सांगेल. चौथे नाव मात्र जिल्ह्यातल्याच अनेक घरांत विचारून पाहावे लागते. ते नाव म्हणजे ताराबाई शिंदे. मराठीतल्या राजकन्या आणि राण्यांच्या कथा वाचून झाल्यावर, या पुस्तकातल्या बायका अशाच का रंगवल्या, असा जाब लेखकांना छापील पुस्तकातून विचारणारी ही बाई बुलढाण्याची होती. आणि ही गोष्ट आहे १८८२ सालची!

ताराबाईंचा जन्म १८५० चा. वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले १८५३ मध्ये, म्हणजे त्या अगदी लहान असताना. वडील बापूजी हरी शिंदे हे बुलढाण्याच्या सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक विचारांचे गृहस्थ. १८७१ मध्ये त्यांनी सुशिक्षितांना उद्देशून एक पुस्तकही प्रसिद्ध केले होते. चार मुलगे आणि एकुलती एक मुलगी, असा त्यांचा संसार. मुलींची शाळा जवळपास नव्हती, तेव्हा बापूजींनी ताराबाईंना घरीच मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवले. लग्न मात्र काळाच्या रीतीप्रमाणे लहानपणीच झाले. जावई घरजावई म्हणून आले, त्यामुळे ताराबाई माहेरीच राहिल्या. त्यांना मूलबाळ झाले नाही.

मराठा घराण्यातल्या बायकांना उंबऱ्याबाहेरचे जग फारसे दिसत नसे. ताराबाईंनाही आपल्या या कोंडमाऱ्याची पुरती जाणीव होती. बाहेरचे जग त्यांच्याकडे आले ते छापील कागदावरून, आणि तो काळ मराठी कादंबरीच्या बालपणाचा होता. १८५७ मध्ये बाबा पदमनजींनी ‘यमुनापर्यटन’ लिहून विधवांचे हाल मांडले होते. पण वाचकांना खरी भूल पडली ती अद्भुतरम्य कथांची. १८६१ मध्ये लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली, १८६८ मध्ये नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’. अरबी भाषेतल्या सुरस गोष्टीही मराठीत आल्या होत्या. रूपवान राजकन्या, तिच्यावर कोसळणारी संकटे, घनदाट अरण्ये, दुष्टांची कारस्थाने, आणि शेवटी सगळे गोड. आज आपली मुले जादूगारांच्या आणि ड्रॅगनच्या जाडजूड कादंबऱ्यांत बुडून जातात, तसाच तोही नाद होता.

या कथांत बाई दोनच तऱ्हांची असे. एक सद्गुणांची पुतळी, जिने सोसायचे. दुसरी कपटी, जिने घरे बुडवायची. बहुतेक वाचक हे वाचून रमत, हळहळत आणि पुस्तक मिटून ठेवत. ताराबाईंना ते मिटता आले नाही.

निमित्त घडले १८८१ मध्ये. सुरत जिल्ह्यातल्या ओलपाड येथील विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेवर आपल्या नवजात बाळाला मारल्याचा खटला चालला. पुनर्विवाह नाही आणि बदनामीची भीती, या कात्रीत ती सापडली होती. तिला फाशीची शिक्षा झाली. ती पुढे कमी करून काळ्या पाण्याची करण्यात आली. वर्तमानपत्रांत चर्चेला ऊत आला. ‘पुणे वैभव’ या सनातनी वळणाच्या पत्राने त्या एकीच्या अपराधावरून साऱ्या स्त्रीजातीच्या चालचलणुकीवर तोंडसुख घेतले. बुलढाण्यात बसून ताराबाईंनी ते वाचले आणि लेखणी उचलली.

‘स्त्री-पुरुष तुलना’ हे छोटे पुस्तक १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापले गेले. प्रती ५००, किंमत नऊ आणे. स्त्रियांच्या माथी मारल्या जाणाऱ्या दोषांची यादी घ्यायची आणि एकेक दोष पुरुषाच्या पदरात मोजून दाखवायचा, अशी पुस्तकाची रीत. साहस, कपट, अविचार हे दुर्गुण बाईचेच असतील, तर लाच खाणारे, दारूपायी संसार उधळणारे आणि म्हातारपणी कोवळ्या मुलींशी लग्न लावणारे कोण, असा त्यांचा रोकडा सवाल आहे. भाषा घरातली, ठसक्याची, म्हणींनी भरलेली.

त्याच ओघात त्या कथाकादंबऱ्यांकडे वळतात. ‘मुक्तामाला’ असो की ‘मनोरमा’ नाटक, लिहिणारे पुरुष, म्हणून बाईचे चित्र त्यांच्या सोयीचे, हे त्यांनी नेमके हेरले. पुराणांनाही त्यांनी सोडले नाही. सावित्री नवऱ्यासाठी थेट यमाच्या मागे गेली, हे सगळे सांगतात; पण बायकोसाठी यमाच्या वाटेवर चार पावले टाकणारा नवरा कोणत्या पोथीत आहे? आज स्त्रीवादी समीक्षा म्हणून जे विद्यापीठांत शिकवतात, त्यातला कळीचा प्रश्न हाच आहे.

याचा अर्थ ताराबाई संसार मोडायला निघाल्या होत्या असा नव्हे. पातिव्रत्याची थट्टा त्यांनी केली नाही. नवऱ्याला देव म्हणायचे तर त्याने देवासारखे वागावे, आणि जो नियम बायकोला तोच नवऱ्याला असावा, एवढेच त्यांचे मागणे होते. पण तेवढेही समाजाला झेपले नाही. पुस्तकावर टीकेची झोड उठली आणि सुधारकांच्या गोटातूनही तिरकस शेरे आले. तेव्हा जोतीराव पाठीशी उभे राहिले. १८८५ मध्ये सुरू केलेल्या ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात त्यांनी ताराबाईंचा मुलीसारखा उल्लेख करून टीकाकारांना खडसावले.

तरीही ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. पहिल्या पुस्तकानंतर त्या २८ वर्षे जगल्या आणि १९१० मध्ये गेल्या. त्या वर्षांत त्यांनी काय वाचले, काय मनात जिरवले, हे कोणत्याही पानावर उतरले नाही. एका चांगल्या लेखणीची ही किंमत आपण मोजली, आणि मोजली हेही विसरून गेलो. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुस्तक पुन्हा छापून उजेडात आणले. १९९४ मध्ये रोझलिंड ओ’हॅनलन यांचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला आणि बुलढाण्याच्या या बाईचे नाव परदेशातल्या विद्यापीठांत पोहोचले.

घरातली मुलगी आणि मुलगा एकच कादंबरी वाचतात. त्याला लढाई आवडते, आणि ती विचारते की राणीला सबंध पुस्तकभर नुसती वाटच का पाहायला लावली? अशा वेळी ती गोष्ट आहे, एवढे काय मनावर घ्यायचे, असे म्हणून तिला गप्प करणे सोपे असते. तसे करण्याआधी तिला ताराबाईंची गोष्ट सांगावी. हाच प्रश्न मनावर घेणारी एक बाई आपल्याच वऱ्हाडात होऊन गेली, हे तिला कळायला हवे.