अर्ल विल्बर सदरलँड
अर्ल विल्बर सदरलँड (१९ नोव्हेंबर १९१५ – ९ मार्च १९७४) हे अमेरिकन औषधशास्त्रज्ञ व जीवरसायनशास्त्रज्ञ होते. संप्रेरकांच्या कार्यपद्धतीविषयीच्या शोधांसाठी त्यांना १९७१ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

त्यांचा जन्म कॅन्सस राज्यातील बर्लिंगेम येथे झाला. १९४२ मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेतल्यावर दुसऱ्या महायुद्धात त्यांनी सैन्यात डॉक्टर म्हणून काम केले. युद्धानंतर कार्ल कोरी यांच्या प्रयोगशाळेत ते संशोधनाकडे वळले. १९५३ मध्ये ते क्लीव्हलंड येथे औषधशास्त्र विभागाचे प्रमुख झाले.

ॲड्रेनालीनमुळे यकृतातील ग्लायकोजेनपासून ग्लुकोज तयार होते, हे ज्ञात होते; मात्र संप्रेरकांचा परिणाम केवळ अखंड पेशींतच होतो, असा समज होता. सदरलँड व थिओडोर रॉल यांनी तो फोडलेल्या पेशींतही घडवून दाखवला. पेशीपटलाचे अंश काढून टाकलेल्या द्रवावर ॲड्रेनालीनचा परिणाम होत नसे. त्या अंशांत ॲड्रेनालीन मिसळल्यावर मात्र उष्णतेने नष्ट न होणारा एक पदार्थ तयार होई आणि तो द्रवात घालताच ग्लायकोजेनचे विघटन करणारे विकर कार्यक्षम होई. हा पदार्थ म्हणजे चक्रीय एएमपी. संप्रेरक पेशीच्या पृष्ठभागापर्यंत संदेश आणतो व चक्रीय एएमपी हा दुसरा संदेशवाहक तो आत पोहोचवतो, असा सिद्धांत त्यांनी मांडला. एकच रेणू अनेक भिन्न संप्रेरकांचे कार्य घडवतो, हे अनेक शास्त्रज्ञांना प्रारंभी पटले नाही.

१९६३ मध्ये ते व्हँडरबिल्ट विद्यापीठात व १९७३ मध्ये मायामी येथे गेले. तेथेच त्यांचे निधन झाले. पेशीपटलावरील ग्राही व चक्रीय एएमपी यांतील दुवा असलेल्या जी-प्रथिनांच्या शोधासाठी आल्फ्रेड गिलमन व मार्टिन रॉडबेल यांना १९९४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.